घोणशीच्या नावातले डॉ. रसेल

मृगाचा जोरदार पाऊस झाला की बिळांत पाणी शिरते आणि साप कोरडी जागा शोधत घराकडे सरकतात. औंढा नागनाथ तालुक्यातले शिरड शहापूर घ्या किंवा हिंगोली जिल्ह्यातले दुसरे कोणतेही गाव, कडब्याची गंजी, पऱ्हाट्यांचा ढीग, गोठ्यातली गव्हाण आणि शेतातला आखाडा या जागा माणसांइतक्याच सापांच्याही असतात. धान्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे साप. रात्री त्याचे नाव घ्यायचे नाही म्हणून त्याला लांबडे म्हणतात. कुणाला दंश झाला तरी पान लागले, एवढेच सांगतात. या शेजाऱ्यांत बहुतेक धामण, दिवड, कवड्या, तस्कर असे बिनविषारी असतात. पण कडब्याच्या पेंढीखाली वेटोळे घालून बसलेली आणि कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकणारी घोणस वेगळी. भारतात सर्पदंशाने होणाऱ्या मृत्यूंत तिचा वाटा फार मोठा आहे. जगभरचे शास्त्रज्ञ तिला रसेल यांच्या नावाने ओळखतात. हे रसेल म्हणजे सव्वादोनशे वर्षांपूर्वी भारतात आठ वर्षे राहून गेलेले एक डॉक्टर.

पॅट्रिक रसेल मूळचे स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहराचे. सापांशी त्यांचा संबंध आला तो पन्नाशी उलटल्यावर. तरुणपण गेले सीरियातल्या अलेप्पो शहरात. तिथे त्यांचे सावत्र भाऊ अलेक्झांडर इंग्रज व्यापाऱ्यांचे डॉक्टर होते. त्यांच्यानंतर ते काम पॅट्रिक यांच्याकडे आले. 1760 ते 1762 या काळात अलेप्पोत प्लेगने थैमान घातले, तेव्हा ते शहरातच राहिले आणि रोगाच्या बारीकसारीक नोंदी ठेवत गेले. त्यातून पुढे 1791 मध्ये प्लेगवरचा त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. ऐकीव गोष्टीवर न विसंबता आपण पाहिले तेवढेच लिहायचे, ही सवय त्यांना तिथे लागली असावी.

1781 मध्ये त्यांचे भाऊ क्लॉड यांची ईस्ट इंडिया कंपनीने विशाखापट्टणमला मोठ्या हुद्द्यावर नेमणूक केली. पॅट्रिक त्यांच्याबरोबर आले, पण रिकामे बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. ते झाडे, मासे आणि साप गोळा करू लागले. 1785 मध्ये कंपनीचे निसर्गशास्त्रज्ञ योहान कोनिग वारले आणि त्यांच्या जागी रसेल यांची नेमणूक झाली. बांबूच्या पेरात साठणाऱ्या वंशलोचनावरही त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला निबंध पाठवला. सितोपलादि चूर्णात पडणारे तेच हे वंशलोचन.

सापांकडे ते वळले ते दंशाच्या भीतीमुळे. कंपनीचे शिपाई, चाकर आणि गावकरी सगळेच सापाला घाबरत, पण कोणता साप विषारी आणि कोणता नाही हे खात्रीने सांगणारा माणूस मिळत नसे. ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळी खूण. रसेल यांनी सापांचे नमुने जमवायला सुरुवात केली. प्रत्येकाचा जबडा उघडून विषदंत आहेत का ते पाहिले, पोटावरचे आणि शेपटीखालचे खवले मोजले, रंग आणि लांबी टिपली, चित्रे काढून घेतली. एक चांगली गोष्ट त्यांनी केली. लोक सापाला ज्या नावाने हाक मारत, ते तेलुगू नावही त्यांनी चित्राबरोबर नोंदवले. घोणशीपुढे कटुक रेकुल पोडा असे लिहिले आहे. तिचे आजचे शास्त्रीय नाव नंतरचे, लोकांचे नाव आधीचे.

या तपासणीतून दिसले ते असे की जमवलेल्या सापांपैकी विषदंत असलेले थोडेच निघाले. ज्यांना पाहताच काठी उचलली जाई, त्यांतले बहुतेक निरुपद्रवी होते. मात्र वरवर पाहून फसगत होते. आपल्याकडचेच उदाहरण घ्यायचे तर घरात भिंतीवरून चढणारा कवड्या आणि रात्री अंथरुणाशी येणारा मण्यार सहज एकमेकांसारखे वाटतात. कवड्याचे पट्टे मानेपासूनच ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे मानेच्या बऱ्याच मागे सुरू होतात आणि शेपटीपर्यंत जातात. घोणशीचीही अशीच गल्लत होते. तिच्या अंगावर काळ्या कडांच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन माळा असतात, डोके त्रिकोणी असते. डुरक्या घोणस ही बिनविषारी. तिची शेपटी आखूड आणि अंगावरचे डाग वेडेवाकडे. अजगराच्या पिल्लाचाही घोटाळा होतो, आणि अजगराचे पिल्लू समजून घोणस हाताळणे जिवावर बेततेच.

रसेल यांच्या कामाचा दुसरा भाग आज वाचायला अवघड वाटतो. विषाचा परिणाम पाहण्यासाठी त्यांनी कुत्र्यांना आणि कोंबड्यांना सापांकडून दंश करवले. नागाच्या आणि घोणशीच्या दंशानंतर काय होते, किती वेळात होते, हे लिहून ठेवले. त्या काळी दक्षिणेत सर्पदंशावर तंजावरच्या गोळ्या प्रसिद्ध होत्या. त्यांत सोमल, म्हणजे आर्सेनिक असे. गोळी घेऊन माणसे वाचतात अशी त्यांची ख्याती होती आणि मद्रास सरकारलाही तिच्यात रस होता. रसेल यांनी ती तपासून पाहिली, तेव्हा ख्यातीइतका गुण त्यांना आढळला नाही. अशा औषधांचा नावलौकिक का टिकतो, हे समजणे कठीण नाही. बिनविषारी साप चावलेला माणूस कशानेही बरा होतो, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी पुरेसे विष अंगात जातेच असे नाही. असा रोगी उठून बसला की श्रेय गोळीला, मंत्राला किंवा चाटवलेल्या पाल्याला मिळते.

1789 मध्ये रसेल मायदेशी परतले. 1796 मध्ये त्यांचा भारतीय सापांवरचा पहिला खंड कंपनीच्या खर्चाने लंडनला छापला गेला. दुसऱ्याच वर्षी जॉर्ज शॉ या प्राणिशास्त्रज्ञाने घोणशीला त्यांचे नाव दिले. 1803 मध्ये विशाखापट्टणमच्या दोनशे माशांवरचा ग्रंथ आला. सापांच्या दुसऱ्या खंडाचे काम मात्र पुरे झाले नाही. 2 जुलै 1805 रोजी ते लंडनमध्ये वारले, अविवाहितच. उरलेले भाग त्यांच्या पश्चात निघाले.

साप ओळखावा कसा हे त्यांनी सांगितले, पण चावल्यावर द्यायचे औषध त्यांच्याकडे नव्हते. ते यायला आणखी जवळजवळ 90 वर्षे लागली. 1890 च्या दशकात फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत यांनी नागाच्या विषावर रक्तद्रवाचे औषध तयार केले. नंतरच्या काही वर्षांत मुंबईतल्या परळच्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, कॅप्टन जॉर्ज लॅम्ब यांनी दाखवून दिले की नागावरचे हे औषध घोणशीच्या विषावर चालत नाही. नागाचे विष नसांवर आणि श्वासावर घाला घालते, घोणशीचे रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते आणि मूत्रपिंडे निकामी करते. म्हणूनच आज आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर मिळून बनवतात. घोडे त्या विषांना सरावतात आणि त्यांच्या रक्तातून औषध घेतात.

हे औषध सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. तरीही 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी 58 हजार माणसे दगावली, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्यांतले बहुतेक मृत्यू खेड्यांतले. बराच वेळ जातो तो दंश आणि दवाखाना यांच्या मधल्या अंतरात. पान लागलेल्या माणसाला मारुतीच्या पारावर बसवतात, कडुनिंबाचा पाला चावायला देतात, तो कडू लागला की जीव भांड्यात पडतो. पाल्याच्या चवीवरून विष कळत नाही. रुग्णालयात घोणशीच्या दंशाची साधी तपासणी अशी असते: थोडे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत 20 मिनिटे न हलवता ठेवतात. मग नळी तिरकी करतात. रक्त गोठले नसेल तर प्रतिविष तातडीने सुरू करायचे. दंशाची जागा कापणे, चोखणे, दोरीने करकचून आवळणे यांनी नुकसानच होते. हात किंवा पाय हलू न देता 108 च्या गाडीने किंवा मिळेल त्या वाहनाने निघायचे. साप मारून आणण्याची गरज नाही. लांबून काढलेला फोटो पुरतो, आणि तोही काढणे जमले नाही तर त्यासाठी थांबायचे नाही.

रसेल यांच्या नावाची एक नोंद दवाखान्यात आणखी एका ठिकाणी सापडते. 1934 मध्ये इंग्लंडमध्ये डॉ. मॅकफार्लेन आणि बार्नेट यांना दिसले की घोणशीचे विष अगदी पातळ केले तर हिमोफिलियाच्या रोग्याची जखम त्याने गोठते. जे विष शरीरभर गेले की रक्त गोठण्याची ताकदच संपवते, ते थेंबभर वापरले तर रक्त गोठवते. याच गुणावर पुढे रक्ताची एक तपासणी बेतली गेली. वारंवार गर्भपात होणाऱ्या किंवा विनाकारण रक्ताच्या गुठळ्या होणाऱ्या रुग्णांना डॉक्टर ती सांगतात. प्रयोगशाळेच्या कागदावर तिचे नाव डीआरव्हीव्हीटी असे असते. त्यातला आर म्हणजे रसेल, आणि नळीत टाकलेला द्रव कडब्यातल्या त्याच घोणशीचा.