संत फ्रान्सिस असिसीकर आणि त्यांचा नाताळ

नाताळच्या दिवसांत आपल्या देवळात, अंगणात आणि आळीच्या तोंडाशी जी गव्हाण उभी राहते, तिच्यापुढे गुडघे टेकताना ती कोणाच्या प्रेरणेने घरोघरी पोहोचली, हा प्रश्न फारच थोड्यांच्या मनात येत असेल. म्हणून महोत्सवाच्या ह्या स्मरणिकेत एका संताचे चरित्र द्यावयाचे ठरले, तेव्हा आम्ही असिसीचे संत फ्रान्सिस ह्यांची निवड केली. त्यांचे समग्र चरित्र सांगण्याचा आमचा विचार नाही. ते पुष्कळांनी पुष्कळदा सांगितले आहे. ज्या संताने आयुष्यभर उपास काढले, तोच संत नाताळच्या दिवशी घराच्या भिंतींसही मांस खाऊ घालावयास निघाला होता! ह्या विलक्षण गोष्टीचा वाचकांस उलगडा व्हावा, एवढाच आमचा हेतू आहे.

इटलीच्या मध्यभागी असिसी नावाच्या डोंगरी नगरात इ. स. ११८१ किंवा ११८२ साली त्यांचा जन्म झाला. वडील पिएत्रो बेर्नार्दोने हे सधन कापडव्यापारी. आईचे नाव पिका. बाप्तिस्म्याच्या वेळी बालकाचे नाव योहान ठेवण्यात आले होते, परंतु व्यापारानिमित्त फ्रान्स देशी गेलेल्या पित्याने परत आल्यावर ते बदलून फ्रान्सिस असे केले. तरुणपणी मेजवान्या, गाणीबजावणी आणि भरजरी पोशाख ह्यांत त्यांचा काळ जाई. १२०२ साली शेजारच्या पेरुजा नगराशी झालेल्या लढाईत ते पकडले गेले व सुमारे वर्षभर बंदिवासात राहिले. तेथून सुटल्यावर आजारपण आले, पुन्हा युद्धावर जाण्याची हौस आली आणि स्पोलेतो येथून ते एकाएकी माघारी फिरले. पुढे कुष्ठरोग्यांची सेवा, सान दामियानोच्या पडक्या देवळातील प्रार्थना, देवळाच्या दुरुस्तीकरिता बापाच्या पेढीवरील कापड परस्पर विकणे आणि अखेर १२०६ साली महागुरुस्वामींच्या समक्ष अंगावरचे कपडेसुद्धा उतरवून बापाच्या स्वाधीन करणे, हा सर्व भाग वाचकांच्या परिचयाचा आहे. १२०९ साली आपल्या मूठभर सोबत्यांसह ते रोमला गेले आणि पोप तिसरे इनोसंट ह्यांनी त्यांच्या जीवनक्रमास तोंडी संमती दिली. ह्या सोबत्यांनी स्वतःस ‘कनिष्ठ बंधू’ असे नाव घेतले.

आहाराविषयी त्यांचा स्वतःवरचा कटाक्ष इतका कडक होता की, शिजविलेले अन्न रुचकर लागले तर ते त्यात राख मिसळीत किंवा थंड पाणी ओतीत. बंधूंच्या नियमातही १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणापासून थेट नाताळापर्यंत उपास सांगितलेला आहे. हे ध्यानात ठेवून पुढील हकीकत वाचावी.

एके वर्षी नाताळचा सण शुक्रवारी आला. शुक्रवारी मांस वर्ज्य. मग सण कसा पाळावा, ह्याची बंधूंमध्ये चर्चा सुरू झाली. मोरिको नावाच्या बंधूने उपासाची बाजू घेतली. फ्रान्सिस त्याच्यावर चक्क रागावले. ज्या दिवशी आपणांकरिता बालक जन्मास आले त्या दिवसाला शुक्रवार म्हणणे हेच पाप होय, असे त्यांचे म्हणणे पडले. त्या दिवशी भिंतींनीदेखील मांस खावे अशी त्यांची इच्छा होती, आणि भिंतींस खाता येत नसेल तर निदान बाहेरून तरी त्यांस ते फासावे! हा विनोद होता की नाही, ह्याचा खल विद्वान करोत. आम्हांस तो विनोदही वाटतो आणि पूर्ण गांभीर्यही वाटते. आजच्या धर्मनियमानुसार नाताळसारखा महासोहळा शुक्रवारी पडला असता मांसवर्जनाचे बंधन राहत नाही. २०२० साली असा योग आला होता, आणि तेव्हा ज्यांनी निःशंक मनाने ताट वाढून घेतले त्यांना हे संत आपल्या बाजूचे आहेत हे ठाऊक नसावे.

त्यांचे मागणे भिंतींपाशी थांबले नाही. सम्राटाची गाठ पडली तर आपण त्याच्याकडे एक फर्मान मागू, असे ते सोबत्यांस सांगत. ते असे की, दरवर्षी नाताळच्या दिवशी ज्यांना शक्य असेल त्यांनी गावाबाहेरच्या रस्त्यांवर धान्य टाकावे, म्हणजे पाखरांना, विशेषतः चंडोलांना, सणाचे जेवण मिळेल. श्रीमंतांनी गोरगरिबांस पोटभर जेवू घालावे. आणि बैल व गाढव ह्यांना त्या रात्री नेहमीपेक्षा अधिक वैरण व दाणा द्यावा, कारण प्रभूने त्यांच्याच गव्हाणीत अंग टाकले. आपल्याकडे पोळ्याच्या दिवशी बैलास न्हाऊ घालून पुरणपोळीचा घास देणाऱ्या शेतकऱ्याला ह्यात नवल वाटणार नाही. तेराव्या शतकातील इटालियन सरदारांना मात्र ते खचितच वाटले असेल. चंडोल त्यांना विशेष प्रिय असण्याचे कारण त्याच्या डोक्यावरचा तुरा. तो त्यांना बंधूंच्या झग्यावरील टोपीसारखा दिसे, आणि पिसांचा रंगही मातीचाच.

आता १२२३ सालाकडे येऊ. त्या वर्षी फ्रान्सिस ह्यांची स्थिती कशी होती? इजिप्तमध्ये धर्मयुद्ध चालू असताना १२१९ साली ते निःशस्त्र जाऊन सुलतान अल-कामिल ह्यास भेटून आले होते. तेथून परतल्यावर डोळ्यांचा विकार त्यांना छळू लागला. बंधूंची संख्या हजारांवर गेली होती, आणि इतक्या माणसांचा संघ पूर्वीच्या मूठभर सोबत्यांसारखा चालविता येईना. १२२० साली त्यांनी संघाचा कारभार दुसऱ्याच्या हाती दिला. २९ नोव्हेंबर १२२३ रोजी पोप तिसरे होनोरियस ह्यांनी संघाच्या नियमास लेखी मंजुरी दिली. तथापि वाटेस निघताना बरोबर काहीच घेऊ नये, हे शुभवर्तमानातील जे वचन आधीच्या मसुद्यात ठळकपणे होते, ते ह्या अखेरच्या नियमात उरले नाही. फ्रान्सिस आज्ञाधारक होते. त्यांनी तो नियम शिरसावंद्य मानला. परंतु त्यानंतर चार आठवड्यांच्या आत त्यांनी रिएतीच्या खोऱ्यातील ग्रेच्चो ह्या खेड्यात जे केले, ते पाहता आम्हांस असे वाटते की, कागदावर जे राहिले नाही ते त्यांनी पेंढ्यावर मांडून दाखविले.

नाताळास सुमारे पंधरा दिवस असताना त्यांनी तेथील जॉन नावाच्या एका सज्जन गृहस्थास बोलावून घेतले. बेथलेहेमात जन्मलेल्या बालकाला कोणत्या वस्तूंची उणीव भासली, ते गव्हाणीत कसे निजले, बैल आणि गाढव बाजूला उभे असता गवतावर कसे पहुडले, हे आपणांस ह्या चर्मचक्षूंनी पाहावयाचे आहे, अशी इच्छा त्यांनी त्यास कळविली. देवळात नवे काही सुरू केल्याचा ठपका येऊ नये म्हणून त्यांनी पोप महाशयांची परवानगीही घेतली होती, असे संत बोनाव्हेंचर लिहितात. जॉनने डोंगरातील जागा सिद्ध केली. रात्री आसपासच्या वस्त्यांतील स्त्रीपुरुष मेणबत्त्या व मशाली घेऊन चढण चढत आले. गाण्यांनी रान दुमदुमले.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. ह्या प्रसंगाची जी सर्वांत जुनी हकीकत थॉमस चेलानोकर ह्यांनी पाच-सहा वर्षांच्या आतच लिहून ठेवली, तीत पवित्र मरिया व योसेफ ह्यांचे सोंग घेतलेल्या कोणाचाही उल्लेख नाही. मेंढपाळ नाहीत, राजे नाहीत, तारा नाही. बाळाच्या मूर्तीचीही नोंद नाही. होते ते एवढेच: गव्हाण, गवत, जिवंत बैल आणि जिवंत गाढव. त्या गव्हाणीवर पवित्र मिस्सा अर्पण झाला. जो गव्हाणीत आला तोच भाकरीच्या रूपाने तेथे येणार होता. मग मूर्ती हवी कशाला? आजच्या आमच्या गव्हाणींत धबधबे, आगगाड्या आणि लुकलुकणारे दिवे असतात. त्यांवर आमचा राग नाही, कारण मुलांच्या आनंदास मोल आहे. परंतु पहिल्या रात्री काय होते आणि काय नव्हते, हे गव्हाण उभारणाऱ्या तरुणांनी जाणून असावे.

फ्रान्सिस हे धर्मगुरू नव्हते, डीकन होते. त्या पदाचा झगा घालून त्यांनी शुभवर्तमान गाइले व नंतर प्रवचन केले. बेथलेहेम हा शब्द ते कोकराच्या बें-बें ह्या आवाजासारखा लांबवून उच्चारीत, आणि येशूचे नाव घेताना मधाचे बोट चाखावे तशी ओठांवरून जीभ फिरवीत. आमच्यासारख्याने वेदीवर असे केले तर लोक काय म्हणतील, हे न सांगितलेले बरे. त्या रात्री मात्र कोणी हसल्याची नोंद नाही. उपस्थितांपैकी एका सत्शील पुरुषाला गव्हाणीत एक निपचित पडलेले बालक दिसले, आणि फ्रान्सिस जवळ जाऊन त्यास झोपेतून जागे करीत आहेत असा भास झाला. पुष्कळांच्या अंतःकरणात ते बालक विसरले गेले होते, ते त्यांनी जागविले, असा ह्या दर्शनाचा अर्थ थॉमस लावतात. गवत लोकांनी जपून ठेवले. आजारी गुरांना ते खाऊ घातले असता ती बरी होत, आणि अडलेल्या बाळंतिणींच्या अंगावर ठेवले असता त्यांची सुटका होई, असे तेच सांगतात. थॉमस लिहीत होते तेव्हाच त्या जागी गव्हाणीवर वेदी उभारून देऊळ झाले होते.

ग्रेच्चोच्याच मठातील आणखी एक गोष्ट आहे. ती कोणी ईस्टरची सांगतात, कोणी नाताळची. सणाचा दिवस म्हणून बंधूंनी मेज उंचावर मांडले, पांढरीशुभ्र वस्त्रे अंथरली, काचेचे प्याले ठेवले. फ्रान्सिस ह्यांनी हे पाहिले, एका भिकाऱ्याची टोपी व काठी उसनी घेतली, आणि सर्वजण जेवावयास बसल्यावर दारात उभे राहून देवाच्या नावाने भिक्षा मागितली. बंधूंनी त्यांस तत्काळ ओळखले. हातात थाळी पडताच ते विस्तवाजवळ जमिनीवर राखेत बसून जेवू लागले. भिंतींना मांस फासू पाहणारा संत तो हाच. मेजवानीचे त्यांना वावडे नव्हते; दाराबाहेरच्यास जिच्यात जागा नाही, ती मेजवानी त्यांना मानवत नव्हती.

ग्रेच्चोची ही चाल पुढे जगभर कशी पसरली व तिने किती रूपे घेतली, हे सांगू लागलो तर स्मरणिका पुरणार नाही. नेपल्स शहरी अठराव्या शतकात गव्हाणीभोवती सबंध बाजारच भरू लागला, त्यात मासेवाले आले, फळवाले आले, खानावळवालेही आले. आणि तेथील कारागिरांच्या गल्लीत आज फुटबॉलपटूंच्या व पुढाऱ्यांच्या बाहुल्याही गव्हाणीकरिता विकत मिळतात. पोलंडातील क्राकूव्ह नगरी रंगीबेरंगी चकचकीत कागदांची, मनोऱ्यांची, एखाद्या महामंदिरासारखी गव्हाण करितात. २०१८ साली युनेस्कोने ह्या कलेची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. स्पेनच्या कातालोनिया प्रांती तर गव्हाणीच्या एका कोपऱ्यात, झुडपाआड, शौचास बसलेल्या शेतकऱ्याची मूर्ती ठेवितात. तो जमिनीला खत देतो, सबब ते सुबत्तेचे चिन्ह होय, असे तेथील भाविक मानतात. वाचकांनी नाके मुरडू नयेत; देव खऱ्याखुऱ्या माणसांच्या जगात जन्मला हे सांगण्याची ती एक गावठी तऱ्हा आहे. आमच्या किनाऱ्यावर सोळाव्या शतकात जे धर्मप्रसारक आले त्यांत ह्याच संघाचे बंधू होते. वसईच्या किल्ल्यात त्यांच्या देवळाचे भग्नावशेष आजही उभे आहेत. १ डिसेंबर २०१९ रोजी त्यांचेच नाव धारण केलेले पोप फ्रान्सिस ग्रेच्चोला गेले आणि गव्हाणीविषयीच्या पत्रावर त्यांनी तेथेच स्वाक्षरी केली.

ग्रेच्चोच्या त्या रात्रीनंतर संतांस आणखी तीनच वर्षेही पुरती लाभली नाहीत. १२२४ च्या सप्टेंबरात ला व्हेर्ना पर्वतावर प्रभूच्या पाच जखमा त्यांच्या देहावर उमटल्या. १२२५ साली, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, त्यांनी सूर्यबंधूचे स्तोत्र रचिले. अखेरच्या दुखण्यात त्यांना एका खाद्याची आठवण झाली: रोमच्या जाकोबा नामक कुलीन विधवा बदाम व साखर ह्यांची जी मिठाई करीत, ती. ह्या बाईंना ते बंधू जाकोबा म्हणत, आणि मठातील स्त्रियांच्या प्रवेशबंदीतून त्यांस सूट होती. पत्र धाडण्यापूर्वीच त्या दारात हजर झाल्या. मिठाई तयार झाली. संतांनी जेमतेम एक घास घेतला, आणि बंधू बेर्नार्द ह्यांस ती फार आवडेल म्हणून त्यांना बोलावणे पाठविले.

३ ऑक्टोबर १२२६ रोजी शनिवारी संध्याकाळी पोर्तियुंकुला येथे नुसत्या जमिनीवर त्यांनी देह ठेविला. चंडोल हे पाखरू उजेडाचे सोबती. अंधार पडू लागला की ते निवाऱ्यास जाते. त्या सायंकाळी मात्र दिवस मावळत असता चंडोलांचा मोठा थवा त्या झोपडीच्या छपरावर आला, आणि खाली खाली घिरट्या घालीत बराच वेळ गात राहिला.