दवबिंदूचा माग काढणारा अभियंता

वातानुकूलन यंत्राचे जनक म्हणून विलिस हॅव्हिलंड कॅरिअर यांचे नाव जगभर घेतले जाते. मात्र त्यांच्यापुढे प्रथम आलेला प्रश्न उकाड्याचा नव्हता, हवेतील दमटपणाचा होता.

२६ नोव्हेंबर १८७६ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, अँगोला गावच्या शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लहानपणी अपूर्णांक समजत नसत, तेव्हा आईने सफरचंदांचे तुकडे करून ते शिकविले. वयाच्या अकराव्या वर्षी मातृछत्र हरपले. पण अवघड प्रश्नाचे तुकडे करून तो सोडविण्याची सवय कायम राहिली. शिष्यवृत्तीच्या बळावर कॉर्नेल विद्यापीठातून १९०१ मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते बफेलो फोर्ज कंपनीत रुजू झाले.

१९०२ मध्ये ब्रुकलिनमधील एका छापखान्याची अडचण त्यांच्याकडे आली. दमट हवेत कागद फुगे, कोरड्या हवेत आकसे आणि एकावर एक छापलेले रंग जुळत नसत. थंड नळ्यांवरून हवा खेळवून तिच्यातील बाष्प काढून घेण्याची योजना कॅरिअर यांनी आखली. त्याच वर्षी पिट्सबर्ग स्थानकावर दाट धुके पाहताना त्यांना आणखी एक युक्ती सुचली. हवा पुरेशा थंड पाण्याच्या फवाऱ्यातून नेली, तर जास्तीचे बाष्प पाणी होऊन गळून पडेल. पाण्यानेच हवा कोरडी करण्याच्या या यंत्राचे पेटंट त्यांना १९०६ मध्ये मिळाले. १९११ मध्ये तापमान, बाष्प आणि दवबिंदू यांचे गणित त्यांनी अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडले.

सूतगिरण्यांची गरज याच्या उलट होती. कोरड्या हवेत सूत तुटते, त्यामुळे तेथे दमटपणा राखावा लागतो. निजामाच्या काळात उभ्या राहिलेल्या आणि पुढे बंद पडलेल्या नांदेडच्या उस्मानशाही मिलच्या परिसरात हा धडा नवा नाही.

१९१५ मध्ये सहा सहकाऱ्यांसह कॅरिअर यांनी स्वतःची कंपनी काढली. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात त्यांची यंत्रणा बसली आणि गारवा सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचला. ७ ऑक्टोबर १९५० रोजी त्यांचे निधन झाले.

कॅरिअर यांनी मांडलेले गणित नांदेड-लातूरच्या घराघरांत आजही लागू पडते. माळवदाच्या जुन्या घरांतील मातीच्या भिंती बाष्प शोषून घेत व सावकाश सोडत. सिमेंटच्या आणि रंगाने लिंपलेल्या भिंतींना ते तितके जमत नाही. हिवाळ्यात दारे-खिडक्या बंद करून स्वयंपाक केला, न्हाणीचे दार उघडे ठेवले की घरातले बाष्प गार तावदानाला लागते. तेथील तापमान दवबिंदूखाली गेलेले असल्याने काचेवर थेंब जमतात. तेच पाणी चौकटीत मुरते, कोपऱ्यांत बुरशी धरते, रंगाचे पोपडे सुटतात आणि दम्याच्या रुग्णाचा त्रास वाढतो.

कूलरमध्येही पाणीच असते. पण ते कॅरिअर यांच्या फवाऱ्यासारखे यंत्राने थंड केलेले नसते, त्यामुळे हवेतील बाष्प घटण्याऐवजी वाढते. मे महिन्याच्या कोरड्या झळांत तो सुखावतो, श्रावणात मात्र गारवा फारसा देत नाही आणि खोली दमट करतो. म्हणून कूलर चालू असताना समोरची एखादी खिडकी उघडी हवी आणि पावसाळ्यात तो बंद केलेला बरा. स्वयंपाकघरातील व न्हाणीघरातील वाफ बाहेर जाण्यास वाट हवी. ओले कपडे बंद खोलीत वाळत घालू नयेत. घरातील आर्द्रता साधारण ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राहणे हितावह मानले जाते.

हवेचे बाष्प डोळ्यांना दिसत नाही. काचेवरचा थेंब मात्र त्याची वेळेवर वर्दी देतो. ती ओळखणाऱ्या घराच्या भिंती टिकतात आणि त्यात राहणाऱ्यांचा श्वासही मोकळा राहतो.