शुक्रावरच्या आनंदीबाई

पहाटे सडा घालताना कधी कधी पूर्वेला शुक्राची चांदणी ठळक दिसते. त्या शुक्रावरील एका विवराला आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव दिलेले आहे.

आनंदीबाईंचे माहेर कल्याणचे. जन्म ३१ मार्च १८६५, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी पोस्टात नोकरीस असलेल्या गोपाळरावांशी लग्न झाले. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहा दिवसांतच गेला. बायकांना औषधपाणी करणारी बाईच हवी, हे त्यांच्या मनाने घेतले. १८८३ साली पतीला मागे ठेवून त्या आगबोटीने अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूकही झाली; पण क्षयाने गाठले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्या वारल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

शुक्र सदा दाट ढगांनी झाकलेला. १९९० नंतर मॅगेलन यानाने रडारच्या साह्याने त्याचा नकाशा काढला. आकाशातून प्रचंड पाषाण आदळून तेथे विवरे पडली आहेत. लहान दगड दाट हवेतच नाहीसे होतात. या विवरांना स्त्रियांचीच नावे देतात. आनंदीबाईंचे विवर सुमारे ३४ किलोमीटर रुंद आहे. आपले लोणार दोन किलोमीटरही नाही. लोणारचा काठ पावसाने झिजतो. शुक्राच्या भूमीवर पाणी नाही, म्हणून तेथील विवरे फार काळ टिकतात.

मायदेशी रोग्याची नाडी पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. लेकींना चांदणी दाखवताना त्यांचे नाव अवश्य सांगावे.