आधी सुवर्णपदक, मग राज्य

मराठी माणसाला स्वतःचे राज्य मिळाले १९६० साली. त्याच्या भाषेच्या चित्रपटाने मात्र त्याआधी सहा वर्षे सबंध देशात पहिला क्रमांक पटकावला होता. या दोन्ही घटनांशी एकच नाव जोडलेले आहे, आचार्य अत्रे.

प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ चा, सासवडजवळच्या कोडीत गावचा. पेशाने शिक्षक, पण नाटकांनी त्यांना घराघरांत पोहोचवले. १९३८ साली मास्टर विनायकांच्या 'ब्रह्मचारी'ची कथा त्यांनी लिहिली आणि पडद्यावरच्या ढोंगाला महाराष्ट्र खळखळून हसला.

त्याच माणसाने पुढे महाराष्ट्राला रडवले. सानेगुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' अत्र्यांनी १९५३ मध्ये पडद्यावर आणली. आई झाल्या वनमाला, श्याम झाला माधव वझे. ना राजवाडा, ना लढाई. कोकणातले गरीब घर आणि आईचे संस्कार. १९५४ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले, तेव्हा राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळाले. बिमल रॉय यांच्या गाजलेल्या 'दो बिघा जमीन'ला गुणवत्ता प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले. मग अत्र्यांनी 'महात्मा फुले' काढला.

पण तेव्हा मराठी माणूस होता कुठे? मुंबई राज्यात, विदर्भ मध्य प्रदेशात आणि आपला मराठवाडा हैदराबाद राज्यात! १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. पंधरवड्यातच अत्र्यांनी दैनिक 'मराठा' सुरू केला. लेखणी आणि वाणी दोन्ही त्यांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी पणाला लावल्या. शंभरावर हुतात्म्यांच्या बलिदानानंतर १ मे १९६० उजाडला.

दूर ब्रिटनमधल्या वेल्श भाषकांनाही आपल्या भाषेच्या दूरचित्रवाहिनीसाठी झगडावे लागले. ग्विनफोर इव्हान्स यांनी १९८० मध्ये आमरण उपोषणाचा इशारा दिला, तेव्हा सरकार नमले आणि १९८२ मध्ये वाहिनी सुरू झाली.

अत्रे १३ जून १९६९ रोजी गेले. मुंबई दूरदर्शन १९७२ चे. आज पुंडलिकनगरातल्या छोट्याशा घरातही मराठी वाहिन्यांची रांग आहे. भांडून मिळवायचे ते मागच्या पिढीने मिळवले. घरातल्या मुलांना 'श्यामची आई' शेजारी बसवून दाखवायची, एवढेच काम आपल्याकडे उरले आहे. तेवढे तरी आपण करू या.