केनेथ आयव्हर्सन : चिन्हांचे सामर्थ्य ओळखणारा गणिती

केनेथ आयव्हर्सन यांचा जन्म १७ डिसेंबर १९२० रोजी कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात कॅमरोझजवळ झाला. नववीनंतर शाळा सोडून ते घरच्या शेतावर राबू लागले. महायुद्धकाळात हवाई दलात असताना त्यांनी पत्रद्वारा अभ्यास केला. पुढे किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठाची पदवी आणि १९५४ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली. तेथे अध्यापन करताना गणिताची रूढ चिन्हे त्यांना विसंगत वाटली, म्हणून त्यांनी स्वतःची चिन्हपद्धती रचली. हार्वर्डने त्यांना कायम केले नाही. १९६० मध्ये ते आयबीएममध्ये गेले. तेथेच त्या चिन्हपद्धतीतून एपीएल ही संगणकभाषा साकारली. संपूर्ण यादीची बेरीज तीत दोन चिन्हांत मावे. चिन्हे नेमकी असली तर विचारही नेमका होतो, ही त्यांची धारणा १९७९ च्या ट्यूरिंग पुरस्काराने जगापुढे आली. एपीएलला मात्र वेगळा कळफलक लागे. म्हणून टोरांटोत, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी रॉजर हुई यांच्यासह साध्या कळफलकावर चालणारी जे भाषा घडवली. तिचाच नवा पाठ लिहिताना त्यांना पक्षाघाताने गाठले. १९ ऑक्टोबर २००४ रोजी ते निवर्तले. आजच्या नमपायमधील सारण्यांच्या हाताळणीत त्यांचाच वारसा आहे.