ताऱ्यांवरून काळ मोजणारे मास्तर : शंकर बाळकृष्ण दीक्षित

आमच्या वर्गाची सहल अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर गेली होती. टेकडी कसली, काळ्या दगडाचा दोनशे फुटी उभा सुळकाच! माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. हा दगड 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, असे गुरुजींनी सांगितले आणि आमच्यात वाद लागला. देवाने सृष्टी केली तर हे वय कुठून आले? पुराणे खरी की विज्ञान खरे? तेव्हा गुरुजींनी दीक्षितांची गोष्ट सांगितली.

दीक्षितांचा जन्म 1853 साली कोकणात, दापोलीजवळच्या मुरूड गावी झाला. ते शाळामास्तर होते. आपल्या ठाण्यात, तसेच बार्शी, धुळे इथे त्यांनी मुलांना शिकवले. शाळा सुटली की जुन्या पोथ्या आणि रात्रीचे आकाश, हाच त्यांचा नाद. सामान्य माणसाला तारे कळावेत म्हणून त्यांनी ज्योतिर्विलास हे पुस्तक लिहिले.

शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असे सांगितले आहे. आज पाहाल तर त्या पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेला उगवतात. मग ग्रंथ खोटा का? दीक्षितांनी तसे म्हटले नाही आणि डोळे मिटून मानही डोलावली नाही. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, त्यामुळे ताऱ्यांच्या उगवायच्या जागा हजारो वर्षांत सरकतात. कृत्तिका अगदी पूर्वेला कधी उगवत होत्या, याचे त्यांनी गणित केले. उत्तर आले इसवी सनापूर्वी सुमारे 3000 वर्षे! सगळ्याच विद्वानांना हा काळ पटलेला नाही. पण वाद घालायचा तर आकडे घेऊनच घालावा लागतो.

पंचांगाप्रमाणे ब्रह्मदेवाचा दिवस, म्हणजे कल्प, 432 कोटी वर्षांचा. त्यातली सुमारे 197 कोटी सरली. एवढी मोठी संख्या का? तर सगळ्या ग्रहांचे फेरे पूर्ण संख्येत बसावेत म्हणून. आपण लसावि काढतो ना, तसेच काहीसे. सिद्धांत ग्रंथांतले हे फेऱ्यांचे आकडे दीक्षितांनी भारतीय ज्योतिषशास्त्र या ग्रंथात तपासून मांडले. देव आहे की नाही, हे त्यांनी गणिताला विचारले नाही. पोथीत आकाशाबद्दल काही लिहिलेले असेल तर ते आकाशाशी ताडून पाहिले, इतकेच. मला हे फार आवडले. आमच्या वर्गात मात्र अजून दोन पक्ष आहेत!

तो ग्रंथ 1896 साली छापून आला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये बेकरेल यांना किरणोत्सर्गाचा शोध लागला. त्याच्याच आधारे पुढे दगडांची वये मोजता आली. पृथ्वी सुमारे 454 कोटी वर्षांची ठरली आणि नंतर इतर मोजमापांवरून विश्व 1380 कोटींचे. दीक्षितांना हे बघायला मिळाले नाही. 1898 साली, पंचेचाळिशी पुरी व्हायच्या आतच, ते वारले.

कार्तिकात दिवेलागणीनंतर पूर्वेकडे बघा. लहानसा घोस दिसेल, त्याच कृत्तिका.