शेतातल्या ओढ्याकाठी, समुद्राच्या गाळात डायनोसॉर? हाडांची ओळख पटवणारे जोसेफ लीडी कोण होते?

अमेरिकेतल्या एका शेतकऱ्याला आपल्याच जमिनीत प्रचंड हाडे सापडली. २० वर्षे ती घरात शोभेची वस्तू म्हणून राहिली आणि पाहुणे एकेक करून ती घेऊन गेले. ती हाडे कोणाची, हे पुढे जोसेफ लीडी या शरीररचनाशास्त्रज्ञाने शोधून काढले. डायनोसॉरच्या अभ्यासात मोलाची भर घालूनही त्यांचे नाव आज फारसे कानावर पडत नाही.

कोण होते लीडी?

जन्म १८२३, फिलाडेल्फिया. वडील टोप्या बनवायचे. मुलाचा चित्रकलेतला हात पाहून त्याने दुकानांच्या पाट्या रंगवाव्यात, असे त्यांना वाटे. सावत्र आईने मात्र वैद्यकीय शिक्षणाचा आग्रह धरला. लीडी १८४४ मध्ये डॉक्टर झाले आणि १८५३ मध्ये पेनसिल्वेनिया विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक. डुकराच्या मांसातला ट्रिकिना हा परजीवी कृमी त्यांनीच १८४६ मध्ये शोधला.

शेतात काय सापडले?

न्यू जर्सीतील हॅडोनफील्ड गावात जॉन हॉपकिन्स यांचे शेत होते. तिथल्या ओढ्याकाठी ‘मार्ल’ ही हिरवट माती खणली जाई. हा मूळचा समुद्रतळाचा गाळ. शेतकरी तो खत म्हणून वापरत. साधारण १८३८ मध्ये या खाणीत मोठमोठी हाडे निघाली.

१८५८ च्या उन्हाळ्यात शेजारी राहायला आलेल्या विल्यम फोल्क या वकिलांनी ही हकीकत ऐकली. हॉपकिन्स यांच्या परवानगीने मजूर लावून त्यांनी जुनी खाण पुन्हा उकरली. सुमारे १० फूट खोलीवर हाडे लागली. त्यांनी लीडींना बोलावले.

ओळख कशी पटवली?

हातात होते २८ मणके, हातापायांची व कमरेची हाडे, जबड्याचे तुकडे आणि काही दात. कवटी नव्हती. लीडींनी तीन गोष्टी तपासल्या.

- दात: ते वनस्पती चावणाऱ्या प्राण्याचे होते आणि इंग्लंडमध्ये सापडलेल्या इग्वानोडॉनच्या दातांशी जुळत होते.
- हातपाय: मांडीचे हाड दंडाच्या हाडापेक्षा बरेच लांब होते. म्हणजे हा प्राणी मागच्या पायांवर उभा राहू शकत असावा. तोवर डायनोसॉर चार पायांवर चालणारे अवजड प्राणी म्हणूनच दाखवले जात.
- आजूबाजूची माती: त्याच थरात समुद्री शिंपले होते. मग जमिनीवरचा प्राणी समुद्राच्या गाळात कसा? मृत प्राण्याचे अवशेष नदीतून वाहत समुद्रात गेले असावेत, असा निष्कर्ष लीडींनी काढला.

हाडे नुसती उपटून आणली असती, तर हा तिसरा पुरावा हातचा गेला असता.

लीडींनी प्राण्याला ‘हॅड्रोसॉरस फोल्की’ असे नाव दिले. तो सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो. १८६८ मध्ये फिलाडेल्फियाच्या अकादमी ऑफ नॅचरल सायन्सेसमध्ये त्याचा सांगाडा उभा राहिला. उभ्या स्वरूपात मांडलेला डायनोसॉरचा हा जगातला पहिला सांगाडा. कवटी अंदाजाने, इग्वाना सरड्यावरून बनवली होती.

मग लीडी बाजूला का झाले?

अमेरिकेत खासगी जमिनीतल्या जीवाश्मांवर मालकाचा हक्क असतो. लीडींच्या उमेदीच्या काळात हौशी लोक, लष्करी डॉक्टर आणि सर्वेक्षक त्यांना नमुने विनामोबदला पाठवत. पुढे एडवर्ड कोप आणि ओथनिएल मार्श हे दोन श्रीमंत संशोधक मैदानात उतरले. हॅडोनफील्डच्या खाणी कोप यांनी मार्श यांना दाखवल्या. मार्श यांनी परस्पर पैसे देऊन तिथली हाडे स्वतःकडे वळवली, असे सांगितले जाते.

या दोघांचे वैर आणखी एका प्रकरणात दिसले. इलॅस्मोसॉरस या लांब मानेच्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचे डोके कोप यांनी शेपटीच्या टोकाला जोडले होते. ही चूक १८७० मध्ये लीडींनी सभेत दाखवून दिली. कोप यांनी छापलेल्या प्रती परत मिळवण्याची धडपड केली. मार्श यांनी मात्र या चुकीचा आयुष्यभर गवगवा केला.

जीवाश्मांना बाजारभाव आला आणि प्राध्यापकाच्या पगारात ते परवडेनासे झाले. लीडींनी भांडण टाळले आणि सूक्ष्मदर्शकाकडे वळले. गोड्या पाण्यातल्या एकपेशीय जीवांवरचा त्यांचा सचित्र ग्रंथ १८७९ मध्ये आला. १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज तिथे काय आहे?

ओढ्याकाठची ती जागा १९९४ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. हॅड्रोसॉरस १९९१ मध्ये न्यू जर्सीचा अधिकृत डायनोसॉर झाला. पाहुण्यांनी नेलेल्या हाडांची नोंद कुणीच ठेवली नव्हती. ती मात्र परत आली नाहीत.